घरच्या माणसाचं मत

४ मार्च

आजपासून माझ्याकडे दोन वह्या. एक ही, कपाटात स्वेटरखाली राहणारी. दुसरी म्हणजे वही नव्हेच, डॉक्टरीणबाईंनी दिलेला तक्ता. तो फ्रिजवर लावायचा. त्यात रोज पाच रकाने भरायचे: गोळी किती वाजता, दिवा किती वाजता बंद, जाग किती वाजता, एकूण तास, आणि शेवटचा, 'घरच्या माणसाचं मत'. म्हणजे मी लिहिलेलं पुरेसं नाही, साक्षीदार हवा. त्रेचाळीस वर्षांची बाई मी, एकोणीस वर्षं लोकांच्या तोंडात बसतील असे दात बनवते आहे, आणि मी झोपले की नाही हे माझी धाकटी बहीण ठरवणार.

नवी गोळी मेलाटोनिनची. मनाचे चढ-उतार आवरणारं लिथियम आहे तसंच चालू, ही त्याच्या जोडीला. बाई म्हणाल्या, "ही झोपेची गोळी नाही हं. ती शरीराला फक्त सांगते की आता रात्र होत आली. म्हणून रोज एकाच वेळी घ्यायची, नऊला. नऊनंतर घरातले दिवे मंद. मनाला येईल तेव्हा घेतलीत तर आणखी घोळ होईल."

"माझ्यासारख्यांना उपयोग होतो का पण?"

"काहींना होतो, काहींना नाही. तुमच्या आजारात किती, ते ठामपणे सांगण्याइतकं अजून माहीत नाही. म्हणून तर तक्ता."

मला या बाई आवडतात. माहीत नसलं की माहीत नाही म्हणतात. निघताना त्यांनी विचारलं, बाकी काही त्रास? तहान लागते? हात थरथरतात? मी म्हणाले, छे. हे खोटं होतं, ते इथे लिहून ठेवते.

का खोटं बोलले तेही लिहिते. धाकटीला बंदराच्या गावी नोकरी लागली आहे, समुद्राचे नकाशे काढायची. इथून अकरा तासांचा प्रवास. पंधरा जूनला हजर व्हायचं. नऊ वर्षांत हे तिचं तिसरं निघणं. आधी दोनदा तिने निळी बॅग भरली आणि दोन्ही वेळा मी वर गेले. (झोप उडून मन उधळलं की आमच्या घरात असंच म्हणतात, वर गेली; उतरलं की खाली आली. शेजारणीला एकदा वाटलं होतं मी मेलेच.) पहिल्या वेळी ती बसस्टँडवरून परत आली, दुसऱ्या वेळी नोकरीच्या पाचव्या दिवशी. दारात बॅग हातात धरून उभी होती. रागावलीही नाही. म्हणाली, "ताई, जेवलीस का?" त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

आता ठरलं आहे की तीन महिन्यांचा तक्ता चांगला आला तरच ती जाणार. मी काय हात थरथरतात म्हणून सांगत बसू?

५ मार्च

नऊला गोळी. दहाला दिवा बंद. सहाला जाग. मधे काहीही नाही. मी कित्येक वर्षांत अशी झोपले नव्हते. धाकटीने हिरव्या पेनाने लिहिलं: 'छान झोपली. घोरली सुद्धा.' मी घोरत नाही. तक्त्यात खोटं लिहायला तिनेच सुरुवात केली म्हणायची.

११ मार्च

सात तास, साडेसात, सात, सात. धाकटी कामावरून येताना रेनकोट घेऊन आली. बंदराला म्हणे वारा फार. घरातल्या घरात घालून फिरली. मी म्हटलं, मापाचा आहे म्हणतेस, पण त्यात जहाज बुडेल एवढी जागा शिल्लक आहे. हसत बसलो दोघी.

हात मात्र वाईट. समोरच्या दाताचं काम म्हणजे काय, तर चिनी मातीची भुकटी ओली करून बारीक ब्रशाने थरावर थर चढवायचा. भट्टीत तो आक्रसतो, म्हणून आधीच थोडा मोठा करायचा. कडेला जवळजवळ पारदर्शक थर लागतो, तिथे ब्रश हलला की दात मेला. आज तीनदा हलला. मी कोपर टेबलावर टेकवलं, श्वास धरला, तरी चौथ्यांदा हलला. आमच्या दातांच्या प्रयोगशाळेचे मालक समोरच्या टेबलावर होते. त्यांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मला तेच जास्त लागलं.

१९ मार्च

साडेसात तास. झोपेबद्दल लिहिण्यासारखं काही उरलंच नाही. निरोगी माणसं डायरीत काय लिहितात कोण जाणे.

२ एप्रिल

आज मालकांनी मला प्लास्टरवर बसवलं.

प्लास्टरवर म्हणजे साचे ओतायला. डॉक्टरांकडून जबड्याचे ठसे येतात, त्यात प्लास्टर ओतायचं, सुकलं की कडा घासायच्या. एकोणीस वर्षांपूर्वी मी तिथून सुरुवात केली होती. मालक मला कायम 'उस्ताद' म्हणतात, आज नुसतं 'अहो' म्हणाले. "अहो, थोडे दिवस साचे बघा. डोळ्यांना विश्रांती." डोळ्यांना! हात म्हणा ना सरळ. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं, त्यामुळे मला नीट रागावताही येईना.

घरी येऊन ताटावर बसले आणि चमच्यातलं सूप वाटीत सांडलं. धाकटीचं लक्ष नव्हतं. किंवा होतं.

रात्री गोळीची वाट बघत पडले आणि विचार केला. गेल्या दोन्ही वेळी मी वर गेले ती कशाने? झोप उडाली म्हणून. आधी झोप उडते, मग सगळं उडतं, हे बाई स्वतः म्हणतात. आता झोप बांधून ठेवली आहे. मग लिथियम नक्की कशाचं काम करतं आहे? हात हलवायचं?

३ एप्रिल

लिथियम निम्मं केलं. कोणाला सांगितलं नाही. गोळीचा अर्धा तुकडा बेसिनमध्ये टाकून पाणी सोडलं. नऊला मेलाटोनिन घेतलं आणि सात तास झोपले. बघा.

१४ एप्रिल

हात स्थिर! आज जेवणाच्या सुट्टीत कोणी नसताना एक सुळा केला. कडेचा थर असा उतरला की मालकांनी तो भिंगाखाली धरला आणि फिरवून फिरवून बघितला. मग म्हणाले, "उस्ताद, विश्रांती झाली वाटतं." मी वळून भट्टीकडे बघत उभी राहिले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं.

आजपासून लिथियम पूर्ण बंद. मेलाटोनिन असताना त्याची गरजच काय? बाईंना सांगेन, पण जूनमध्ये, धाकटी गेल्यावर. तेव्हा तक्ताच दाखवेन पुरावा म्हणून.

२३ एप्रिल

गाण्याच्या बाई आल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या. पायरीवरून पडून समोरचे वरचे चार दात गेले. डॉक्टरांनी तात्पुरते प्लास्टिकचे बसवून दिले आहेत. तीस मेला त्यांच्या विद्यार्थिनींचा कार्यक्रम, त्यात शेवटी त्या स्वतः गाणार, बहुधा अखेरचं. त्यांनी तरुणपणीचा एक फोटो आणला. मधल्या दोन दातांत फट.

"फट हवी मला," म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात बुजवू या, छान दिसेल. अहो, दिसायचं काय आता. माझा 'स' त्या फटीतून येतो. पन्नास वर्षं मुलींना तोच शिकवला."

रंग घ्यायला मालक आणि मी त्यांना खिडकीपाशी घेऊन गेलो. मालकांचा नियम भिंतीवर लिहिलेला आहे: रंग दिवसा, खिडकीत, दोघांनी. सोळा नमुन्यांची पट्टी दाताशेजारी धरायची, पाच सेकंद बघायचं, मग निळ्या कागदाकडे बघून डोळे निववायचे, मग पुन्हा. जास्त वेळ बघत राहिलं की आपल्याला हवा तो रंग दिसायला लागतो. मालक हे गेली एकोणीस वर्षं सांगत आहेत आणि मी एकोणीस वर्षं मान डोलावते आहे.

काम माझ्याकडे दिलं.

१ मे

झोप पाच तास. तक्त्यात सात लिहिले. पाच तासांत मला जेवढी विश्रांती मिळते तेवढी आधी आठ तासांतही मिळत नव्हती. मग खरा आकडा कोणता म्हणायचा? शिवाय पाच बघून धाकटी घाबरेल. उगाच.

गोळीच्या वेळेचं बाईंनी फार स्तोम माजवलं आहे. नऊला घेतली की मी कामाच्या मधे असते. आता मी झोपावंसं वाटतं तेव्हा घेते, रात्री एकला, दीडला. कधी दोन गोळ्या घेते. माझं शरीर, त्याला रात्र कधी झाली ते मीच सांगणार.

धाकटीने माझ्या सातपुढे लिहिलं: 'ठीक'. ती काही आंधळी नाही. म्हणजे ठीकच असणार.

७ मे

चार तास. तक्त्यात साडेसहा, रोज सात लिहिलं तर संशय येईल. धाकटी: 'ठीक'. हल्ली ती कानात कापूस घालून झोपते, दारही लावून घेते. म्हणते, रस्त्यावरून ट्रक फार जातात. ट्रक तर पूर्वीपासून जातात. बंदरावर झोपायची सवय करत असेल.

पहाटे तीनला सगळी भांडी घासली. कपाटं आतून पुसली. शेजारणीच्या दारापुढचाही पॅसेज धुतला.

१२ मे

रंग! एवढे रंग आहेत हे मला कोणी सांगितलं का नाही? दात पांढरा नसतोच. त्याच्या कडेला निळा असतो, मुळाशी केशरी, मधे कुठेतरी हिरवा, आणि आपण सगळ्या जगाला सोळा नमुन्यांच्या पट्टीत कोंबून बसलो आहोत.

१३ मे

मालकांना आज साडेतीन पानांचा आराखडा दिला. आपण दात बनवतो असं म्हणणं चूक आहे, आपण माणसाचा आवाज बनवतो. प्रत्येकाचा जुना फोटो, प्रत्येकाच्या आवाजाची नोंद, प्रत्येक दात वेगळ्या रंगाचा. दोन मजले हवेत, बारा कारागीर, एक गाणारी बाई पगारावर. मालकांनी पहिलं पान वाचलं आणि विचारलं, "उस्ताद, झोपताय ना नीट?" मला इतका राग आला! चांगलं सुचलं की झोप विचारतात. वाईट सुचलं असतं तर कोणी विचारलं असतं का? मी म्हटलं, घरी फ्रिजवर तक्ता आहे, बहिणीचं मत आहे त्यावर रोज, हिरव्या शाईत, या आणि वाचा.

धाकटीला आराखडा वाचून दाखवला. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "छान आहे ताई." वर बघितलं नाही. तिने निळी बॅग माळ्यावरून काढून ठेवली आहे. पुसून, उघडी करून, खिडकीत.

१६ मे, प्रयोगशाळेत

माझ्याकडे किल्ली आहे. दोन वाजले आहेत की तीन. गाण्याच्या बाईंचे चार दात झाले. चांगले झाले, पण फट अर्धा केस जास्त होती, पुन्हा केले. मग रंग. मग मला दिसलं की 'स' वेगळा आणि 'श' वेगळा, त्यांना दोन जोड लागतील. मग सकाळच्या रियाजाला एक, संध्याकाळी एक. भट्टी थंडच होऊ दिली नाही. दिव्याखाली एकेक असा उजळतो आहे की मी मोठ्याने हसले. हात बघा माझा, हात! दगडासारखा स्थिर. झोपायचं असलं तर पर्समध्ये गोळ्या आहेत. तीन घेतल्या मघाशी, काही झालं नाही, मला आता त्यांचीही गरज नाही बहुतेक. डॉक्टरीणबाई खूश होतील. सगळ्यांना बोलवायला हवं. धाकटीला आत्ता फोन करते, तिने हे बघायलाच हवं.

उचलत नाही. कापूस.

३ जून

इस्पितळाच्या वॉर्डमधून काल घरी आले. सतरा दिवस होते तिथे. वही स्वेटरखालीच होती. प्रयोगशाळेतून माझी पर्स आली तेव्हा तिच्यातली ही वही धाकटीने परत जागेवर ठेवली. वाचली नाही म्हणते.

त्या सकाळचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. बाकीचं मालकांनी सांगितलं. ते आठला आले. भट्टी चालू, सगळे दिवे चालू. टेबलावर अकरा जोड, चव्वेचाळीस दात, अर्धवर्तुळात मांडलेले, आणि मी त्यांना काहीतरी शिकवत होते. मालक ओरडले नाहीत. त्यांनी चहा केला. मग एक जोड उचलून खिडकीपाशी नेला, निळा कागद माझ्यासमोर धरला, म्हणाले, "यात बघा थोडा वेळ. हं. आता दाताकडे बघा."

दात जांभळे होते. रात्रभर पिवळ्या दिव्याखाली रंग केला होता मी, एकटीने. हे प्लास्टरवरचा नवखा माणूसही करत नाही. पण तेव्हा मला ते दिसलंच नाही. मी त्यांना म्हणाले, तुमचे डोळे म्हातारे झालेत. असं म्हणाले मी त्यांना. मग त्यांनी धाकटीला फोन केला.

आणि गाण्याच्या बाई प्लास्टिकचे दात घालून स्टेजवर गेल्या. 'स' सगळे शिट्टीत गेले म्हणे.

४ जून

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. मार्चपासूनचं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हात थरथरतो हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर डोस बघता आला असता. त्यावर गोळीही असते. चहा-कॉफी कमी केली तरी कधी फरक पडतो. मी विचारलं होतं."

"तुम्ही लिहून ठेवलं असतंत. मग बहीण गेली नसती."

"आणि आता?"

लिथियम पुन्हा चालू, रक्त तपासून, थोडं कमी. मेलाटोनिनही राहू दे म्हणाल्या, पण एकच, आणि नऊलाच. मी विचारलं, मग गुण कशाने येत होता, याने की त्याने? म्हणाल्या, "दोन्ही एकत्र होती तेव्हा बरं चाललं होतं, एवढंच आपल्याला माहीत आहे. छोटी गोळी मदतीला होती. तुम्ही तिच्या अंगावर सगळं घर टाकलंत." मला हसू आलं आणि मग बराच वेळ रडूही आलं.

घरी आल्यावर धाकटीला विचारलं, नोकरीचं काय. कळवून पुढे ढकलली आहे, पंधरा जुलैपर्यंत. त्यानंतर ते दुसरं माणूस घेतील. "नाहीतरी आता कुठे," म्हणाली आणि उठून गेली. निळी बॅग खिडकीत नव्हती.

९ जून

आज धाकटी माझ्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसली. हातात जुना तक्ता, मे महिन्याचा.

"ताई, मला ऐकू यायचं."

"काय?"

"सगळं. तू भांडी घासायचीस तीनला. पॅसेज धुतलास ते. किल्ली घेऊन गेलीस त्या रात्रीही मला जाग होती. दार वाजलं आणि मी कूस बदलली. फोन आला तो बघितला मी. उलटा करून ठेवला." तिने तक्त्यावर बोट ठेवलं. "तू सात लिहायचीस आणि मी ठीक लिहायचे. मी लिहिलं असतं ना खरं, एक मेलाच लिहिलं असतं, तर तू वॉर्डात गेलीच नसतीस. मला जायचं होतं ताई. मला इतकं जायचं होतं."

मला राग आला. लिहायला लाज वाटते, पण आला. मी वर जाताना ती खाली उभी राहून बघत होती आणि हिरव्या पेनाने ठीक लिहीत होती! मी तिला म्हणाले, मी तुझ्यासाठी खोटं लिहिलं आणि तू तुझ्यासाठी. ती ओढणीने नाक पुसत बसली, पाचवीत असताना बसायची तशी.

१० जून

रात्रभर विचार केला. (तक्ता: पाच तास. खरे.) 'तुझ्यासाठी' हे काही खरं नाही. मला माझे हात हवे होते. 'उस्ताद' ऐकायचं होतं. धाकटीचं जाणं मी निमित्त म्हणून पुढे केलं, कारण ते चांगलं दिसत होतं. एकोणीस वर्षं भिंतीवर लिहिलेलं वाचते आहे, रंग दोघांनी बघायचा. पण दोघांनाही एकच रंग हवा असला तर दोघांनी बघून काय उपयोग? हिला जायचं होतं म्हणून आणि मला हात हवे होते म्हणून, दोघींनी 'ठीक'च पाहिलं. निळ्या कागदाकडे कोणी बघितलंच नाही.

सकाळी तिला म्हटलं, "तू जाणार आहेस."

"वेडी आहेस का?"

"आहे. कागद आहेत माझ्याकडे तसे."

ती नको नको म्हणत असताना हसली. मग म्हणाली, "आणि रकाना कोण भरणार?"

२६ जून

कामावर गेले. प्लास्टरवर. या वेळी कोणी बसवलं नाही, मीच बसले. हात थरथरतो, पूर्वीपेक्षा कमी. मालकांची माफी मागितली, म्हाताऱ्या डोळ्यांबद्दल. ते म्हणाले, "झालेच आहेत म्हातारे. म्हणून तर दोघं लागतात." त्यांना रकान्याबद्दल विचारलं. मी रोज सकाळी नऊला त्यांच्यासमोर येते, माझ्या झोपेत त्यांचा काही फायदा-तोटा नाही, आणि ते मला बोलायला घाबरत नाहीत. त्यांनी तक्ता उलटसुलट करून बघितला. "यात घरच्या माणसाचं म्हटलंय."

"खोडून देते."

"राहू द्या," म्हणाले.

त्यांचं पहिलं मत: 'चहा बशीत सांडला. कपात पुरेसा उरला.'

११ जुलै

गाण्याच्या बाईंचे दात आज झाले. एक जोड, चार दात, सोळा दिवस लागले. उजवं मनगट वाळूच्या पिशवीवर, ब्रश दोन्ही हातांनी, आणि दर थरानंतर उठून एक फेरी. रंग मालकांनी आणि मी खिडकीत घेतला, सकाळी अकराला. कडेच्या थरात एका जागी ब्रश हलल्याची रेघ आहे. मी पुन्हा करते म्हटलं. मालकांनी बाईंनाच विचारलं. बाईंनी दातांच्या डॉक्टरांकडे, आमच्यासमोर, दात बसवून घेतले, आरशात रेघ बघितली आणि म्हणाल्या, "खऱ्या दाताला रेघा असतात." मग खुर्चीतच बसून त्यांनी एक लांब 'सा' लावला. बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले.

मी त्यांना कार्यक्रमाबद्दल सांगायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "राहू दे ग. पुढच्या वर्षी परत अखेरचं गाईन."

१३ जुलै

धाकटी गेली. बसस्टँडवर आम्ही दोघीही बॅगेला धरून उभ्या. गाडी सुटेपर्यंत ती खिडकीतून मला पथ्यं सांगत होती, त्यातली अर्धी गाडीच्या आवाजात गेली. घरी आले. घर मोठं नाही, तरी आज मोठं वाटलं. नऊला गोळी. दिवे मंद.

१९ जुलै

झोप साडेतीन तास.

तक्त्यासमोर पेन घेऊन उभी राहिले. सात लिहायला किती सोपं असतं. सात बघून मालक काय म्हणणार? आणि साडेतीन लिहिलं तर धाकटीला फोनवर सांगावं लागणार, आणि आज तिच्या नोकरीचा पाचवा दिवस. पाचवा! दोन वाजल्यापासून मी तेच मोजत पडले होते, त्यानेच झोप गेली असेल. किंवा तसं नसेल. मला आतून काही कळत नाही, हे तरी आता मला कळतं.

साडेतीन लिहिलं. मालकांनी नऊला बघितलं, मला शंभरपासून उलटं मोजायला लावलं, का ते त्यांनाच माहीत. मग लिहिलं: 'नेहमीपेक्षा जास्त बोलतात. हसू मात्र जागच्या जागी. डॉक्टरांना माझ्यासमोर फोन केला.' बाईंनी उद्या सकाळी बोलावलं आहे, रक्त द्यायला. गोळ्यांत स्वतःहून काही फेरफार करायचा नाही म्हणाल्या. केला नाही.

संध्याकाळी धाकटीचा फोन.

"किती?"

"साडेतीन."

पलीकडून कुठलीतरी चेन ओढल्याचा आवाज आला. बॅगेची असेल, जॅकेटची असेल. मी फोन इतका घट्ट धरला की कान दुखला.

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सकाळीच. उद्या बोलावलंय."

"मालकांनी काय लिहिलंय, वाच."

वाचलं. 'हसू जागच्या जागी'ला ती हसली. मग म्हणाली, "नऊ वाजत आले. गोळी घे. दवाखान्यातून आलीस की फोन कर."

२० जुलै

सहा तास. रक्त दिलं. हात थरथरतो, मालकांचा शेरा: 'आज चहा न सांडता'. ते बघत असताना सांडला होता, पण मत त्यांचं आहे.

संध्याकाळी साडेसातला बेल वाजली. बंदराची गाडी सातला येते आणि बसस्टँडवरून चालत अर्धा तास लागतो. मी दाराशी गेले आणि कडी काढवेना. पुन्हा वाजली. डोळे मिटून दार उघडलं.

शेजारीण होती. वाटीभर मीठ मागायला आली होती. मी तिला मीठ दिलं, साखर दिली, चहापत्तीचा नवा पुडा दिला, आणि ती नको नको म्हणत असताना तिच्या गळ्यात पडून रडले. ती म्हणाली, "अग बाई, झालं काय? बहीण बरी आहे ना?"

"बरी आहे," मी म्हटलं. "ती आली नाही."